मदत हवी आहे: एकच व्यक्तिमत्त्व चाचणी विशीतल्यांना आणि सत्तरीतल्यांना लावता येते का?

नमस्कार मंडळी,

मी मानसशास्त्रात एमए करते आहे. प्रबंधासाठी ‘बिग फाइव्ह’ची, म्हणजे स्वभावाचे पाच मुख्य पैलू मोजणारी, ४४ विधानांची प्रश्नावली (बीएफआय) दोन गटांकडून भरून घेतली, एक विशीतला आणि दुसरा पासष्टीच्या पुढचा. ज्येष्ठांची बहिर्मुखता कमी आली. वय वाढलं की माणूस मिटत जातो, असं लिहून मोकळी होणार होते, पण एक प्रसंग डोक्यातून जात नाही.

‘माझ्या अंगात भरपूर उत्साह असतो’ या विधानापाशी एका आजींनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “अगं, हे माझ्या स्वभावाचं विचारतेस की गुडघ्यांचं?” मी नियमाप्रमाणे “तुम्हाला जसं वाटेल तसं” म्हटलं. त्यांनी ‘असहमत’वर खूण केली आणि पुढचा अर्धा तास माझ्याशी भरभरून बोलत बसल्या. माझ्या तक्त्यात मात्र त्या अंतर्मुख आहेत!

मग मेजरमेंट इन्व्हेरियन्स, म्हणजे प्रश्नावली दोन्ही गटांत तीच गोष्ट सारख्याच पद्धतीने मोजते का, ते तपासलं. रचना दोन्ही गटांत सारखी निघाली, लोडिंग्जही (प्रत्येक विधान त्या पैलूशी किती घट्ट जोडलेलं आहे, ते आकडे) जुळली. इंटरसेप्ट (पैलू सारखाच असताना विधानाला मिळणारे अपेक्षित गुण) समान धरल्यावर मात्र सीएफआय, म्हणजे मॉडेल माहितीशी किती जुळतं याचा निर्देशांक, ०.०१ पेक्षा जास्त घसरला; म्हणजे जुळणी बिघडली. घोळ मुख्यतः त्याच विधानाचा आहे. म्हणजे बहिर्मुखता सारखी असली तरी ज्येष्ठ त्या विधानाला कमी गुण देतात. अशा वेळी दोन्ही गटांच्या सरासरीची थेट तुलना करणं मला अन्यायाचं वाटतं.

विधान काढून टाकू का? बहिर्मुखतेची आठच विधानं आहेत. शिवाय उत्साह हा बहिर्मुखतेचा खराखुरा भाग आहे. तो काढला तर वयानुसार खरंच झालेला बदलही मीच पुसून टाकते की काय, ही भीती आहे. कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १
काढू नका. पार्शियल इन्व्हेरियन्स वापरा, म्हणजे तेवढ्या विधानाचा इंटरसेप्ट दोन्ही गटांत मोकळा सोडा आणि बाकीच्या सातांचे समान धरा. मग सुप्त सरासरींची, म्हणजे थेट गुणांऐवजी मॉडेलने काढलेल्या बहिर्मुखतेच्या सरासरींची, तुलना करा. फरक टिकला तर तो एका विधानाच्या जिवावर नाही, एवढं तरी कळेल. दोन्ही निकाल प्रबंधात द्या.

नैराश्याच्या चाचण्यांत हाच पेच होता. झोप, भूक, थकवा यांचे प्रश्न ज्येष्ठांना विनाकारण आजारी ठरवायचे. म्हणून १९८०च्या दशकात आलेल्या जेरियाट्रिक डिप्रेशन स्केलमध्ये शारीरिक तक्रारी मुद्दाम टाळल्या.

आणि ‘वय वाढलं की’ हे शब्द काढाच. तुम्ही सगळ्यांना एकदाच मोजलंत, त्यामुळे फरक वयाचा की पिढीचा हे या माहितीतून सांगता येणार नाही.

प्रतिसाद २
आकडे गडबड कुठे आहे ते दाखवतात, का आहे ते तुमच्या आजींनी सांगितलं. दोन्ही गटांतल्या काही जणांना एकेक विधान मोठ्याने वाचून उत्तर कसं ठरवलं ते बोलायला सांगा. उत्तर देताना माणूस मनात कोणाशी तुलना करतो हेही विचारा. सत्तरीतला बहुधा आपल्या वयाच्यांशी करेल, नाहीतर तरुणपणच्या स्वतःशी.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. इंटरसेप्ट मोकळा सोडून आज रात्रीच बघते. तरुण गटाला विधानांचा अर्थ काय लागला, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांचं उत्तर सरळ आणि ज्येष्ठांचं बिघडलेलं, असं धरूनच चालले होते. अशा मुलाखती प्रत्येक गटातून साधारण किती घ्याव्यात?