पुढचा डिस्क ब्रेक गरम झाला की आपोआप धरतोय. पॅड बदलले, किट बदललं, तरी तेच

टॉवेलवाला_अशोकचौक

नमस्कार मंडळी. गाडी १५० सीसी, २०१६ ची, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. ८१ हजार किलोमीटर झालेत. मी टॉवेल-चादरीचे नमुने घेऊन फिरतो. रोज अशोक चौक ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, तिथून बाजार, आणि आठवड्यातून एकदा तुळजापूर. गाडी उभी राहिली की माझा धंदा उभा राहतो.

सकाळी ब्रेक एकदम व्यवस्थित असतो. दहा-बारा किलोमीटर झाले की लिव्हर हळूहळू कडक होत जातो. आधी नीट दाबावा लागायचा, आता बोट टेकलं तरी लागतो. मग गाडी ओढत नाही, तिसऱ्या गिअरला दम टाकते आणि शेवटी चाकच धरतं. अर्धा तास सावलीत लावली की परत मोकळं.

मागच्या मंगळवारी तुळजापूरहून येताना घाट उतरलो. मागे बायको होती. तामलवाडीच्या अलीकडे पुढचं चाक असं धरलं की गाडी आडवीच व्हायची बाकी होती. पडलो नाही, देवीची कृपा. डिस्क निळसर पडलेली, जळका वास. बाटलीतलं पाणी ओतणार होतो, तर एका ट्रकवाल्या काकांनी हात धरला. तापलेल्या डिस्कवर गार पाणी टाकलं तर ती वाकते म्हणाले.

आतापर्यंत पॅड नवीन, कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सील किट नवीन, ब्रेक ऑइल नवीन. अकराशे रुपये गेले. आता एक मिस्त्री म्हणतो अख्खा कॅलिपर बदला, दुसरा म्हणतो डिस्क वाकलीय. दोन्ही मिळून चार हजारांच्या वर जातंय. बदलायला माझी ना नाही, पण बदलून परत तेच झालं तर? बायकोला मागे बसवायची हिंमत होत नाहीये.

जुळेसोलापूर_रायडर

दादा, माझ्या गाडीला असंच झालं होतं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या पावसाळ्यात गंजून बसल्या होत्या. पिना काढून पॉलिश पेपर मारला, सिलिकॉन ग्रीस लावलं, रबरी टोप्या नवीन टाकल्या, झालं काम. तुमच्या पिना बघितल्या का कोणी? किट बदलताना पुष्कळ जण पिस्टन बघतात आणि पिना तशाच घालतात.

सत्तरफूट_गॅरेज

मालक, आधी एक विनंती. हे सुटेपर्यंत त्या गाडीवर घरच्यांना बसवू नका, तुम्हीही घाटात नेऊ नका. पुढचा ब्रेक धरल्यावर सावरायला वेळ मिळत नाही. सत्तर फूट रोडला माझं छोटं गॅरेज आहे, बावीस वर्षं हेच काम करतो. गाडी न बघता निदान सांगणं मला पटत नाही. पण तुम्ही लक्षण इतकं स्वच्छ लिहिलंय की कुठे बघायचं ते सांगता येईल.

जुळे सोलापूरच्या भावाचं चुकीचं नाही. पण पिना बसलेल्या असतील तर ब्रेक गारही घासतो, चाक सकाळीसुद्धा जड फिरतं, आणि दोन पॅडमधला एक जास्त झिजतो. तुमचा गार असताना मोकळा आहे, आणि गरम झाला की लिव्हर कडक होतोय. हे कडक होणं महत्त्वाचं. म्हणजे आत ऑइलचा दाब कोंडला जातोय.

दाब का कोंडतो ते नीट समजून घ्या, मग कोणी उगाच पार्ट गळ्यात मारणार नाही. डिस्क ब्रेकला पॅड मागे ओढायला ड्रमसारखी स्प्रिंग नसते. लिव्हर दाबला की कॅलिपरमधला पिस्टन पुढे येतो, त्याच्याबरोबर सीलचं रबर जरासं पिळलं जातं. लिव्हर सोडला की रबर सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे घेतं. हे व्हायला खालच्या ऑइलला वर हँडलवरच्या ऑइलच्या टाकीत परत जायला वाट लागते. ती वाट म्हणजे मास्टर सिलिंडरमधलं (लिव्हर दाबला की ऑइल खाली ढकलणारा हँडलवरचा भाग), टाकीच्या तळाशी असलेलं एक बारीक छिद्र. सुईच्या टोकाएवढं. लिव्हर पूर्ण सुटलेला असताना ते उघडं असलंच पाहिजे.

आता ते छिद्र बंद राहिलं तर बघा. गाडी चालते, पॅड थोडा घासतो, ऑइल तापतं, तापलं की फुगतं. फुगलेल्या ऑइलला वर जायला जागा नाही, मग ते पॅडलाच दाबतं. पॅड अजून घासतो, अजून तापतं. अर्ध्या तासात गार झालं की ऑइल आवळतं आणि चाक सुटतं. तुमच्या गाडीची गोष्ट हीच वाटते. त्यात डिस्क बदलून काय होणार?

ब्रेक धरलेल्या अवस्थेत कोणी तपासलाय का? गाडी गॅरेजला पोचेपर्यंत गार होते आणि मिस्त्रीला सगळं चांगलंच दिसतं. म्हणून गाडी मुद्दाम चालवून, रिकाम्या रस्त्यावर, हळू, एकट्याने, ब्रेक धरायला लागला की लगेच मधल्या स्टँडवर घ्या. पुढचं चाक उचलायला इंजिनखाली लाकडी ठोकळा द्या. मग वरून खाली या.

पहिलं, लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हरच बाजूला करा. चाक सुटलं तर दोष लिव्हरमध्ये. नाही सुटलं तर मास्टरला पाइप जिथे लागतो तो बोल्ट फडक्यात धरून जरा ढिला करा. तिथे दाब सुटून चाक मोकळं झालं तर मास्टर खराब किंवा छिद्र बुजलेलं. तरी जाम असेल तर खाली कॅलिपरचं हवा काढायचं निप्पल पाव फेरा उघडा. आता सुटलं तर मधला पाइप आतून सुजलाय, ऑइल खाली जाऊ देतो, वर येऊ देत नाही. बाहेरून असा पाइप नवा दिसतो, म्हणून फसायला होतं. आणि निप्पल उघडूनही चाक जामच राहिलं तर मग पिस्टन किंवा पिना, भावाने सांगितलं तसं. तेव्हा कॅलिपरचा खर्च करा, आधी नको.

डोळ्यांना चष्मा लावा, ऑइल गरम असतं. पेट्रोलच्या टाकीवर, मडगार्डवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून काढतं ते. पॅडवर तर एक थेंबही जाऊ देऊ नका. बोल्ट ढिला केलात तर त्याच्या वॉशर नवीन टाका आणि आत शिरलेली एअर (हवा) काढल्याशिवाय गाडी चालवू नका.

एक प्रश्न राहिला. हे सुरू व्हायच्या आधी गाडी कधी पडली होती का? लिव्हर बदललाय का?

होटगीरोड_५६

मध्ये विचारतोय, माफ करा. माझं उलट आहे. घरीच ऑइल बदललं, तेव्हापासून लिव्हर स्पंजसारखा लागतोय, पार ग्रिपला टेकतो. दोनदा एअर काढली. आणि दुकानदाराने डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल दिलंय, झाकणावर डॉट ४ लिहिलंय. चालेल का?

सत्तरफूट_गॅरेज

चालवू नका. झाकणावर जे छापलंय तेच टाकायचं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ३ चा आकडा २०५ चा. आणि दोन्ही हवेतलं पाणी पितात. पाणी मुरल्यावर डॉट ४ चा आकडा १५५ वर येतो, डॉट ३ चा १४० वर. घाटात ऑइल उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर हातात नुसता येतो. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदला, गाडी कमी चालली असली तरी. उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरू नका. डॉट ५ ला तर हात लावू नका, ते सिलिकॉनचं वेगळंच ऑइल आहे, आपल्या गाड्यांसाठी नाही.

तुमची एअर बहुतेक वर मास्टरच्या बोल्टापाशी अडकलीय. हवा वर चढते, तुम्ही खालून काढताय. हँडल असं वळवा की मास्टर सगळ्यात उंच येईल, लिव्हर हलके हलके टिचक्या मारल्यासारखा दाबा, टाकीत बुडबुडे येताना दिसतील. नंतर ट्यूबच्या पट्टीने लिव्हर हँडलला रात्रभर बांधून ठेवा, आणि सकाळी सोडून परत तसंच दाबा.

टॉवेलवाला_अशोकचौक

मिस्त्रीकाका, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि बसूनच राहिलो. जूनच्या पहिल्या पावसात सात रस्त्याजवळ चिखलात गाडी घसरली होती. मला काही झालं नाही, लिव्हरचं टोक तुटलं. शेजारच्या दुकानातून एकशेवीस रुपयांचा लिव्हर घेऊन मीच लावला. ब्रेकचा त्रास जुलैपासून. दोन मिस्त्र्यांकडे जाऊन आलो, पण पडल्याचं सांगायचं मला सुचलंच नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

काल पहाटे विजापूर रोडला रिकाम्या रस्त्यावर नेली. चौदा किलोमीटरला धरायला लागली. ठोकळा लावला, चाक हाताने हलेना. लिव्हरचा बोल्ट काढला, लिव्हर ओढून काढला, आणि आतून बारीकसा "टक" असा आवाज आला. चाक फिरायला लागलं! पाइप, निप्पल कशालाच हात लावावा लागला नाही.

जुना तुटका लिव्हर डब्यात होता. दोन्ही शेजारी ठेवले. मास्टरच्या पिस्टनला ढकलणारं जे नाक असतं ते नव्या लिव्हरचं जवळजवळ एक मिलिमीटर लांब आहे. नवा लावल्यावर लिव्हरला मोकळी चाल शून्य. आता ते नाक कानशीने घासू का?

सत्तरफूट_गॅरेज

सापडलं! फार बरं वाटलं मालक. ते नाक पिस्टनला कायम थोडं आत ढकलून ठेवत होतं, म्हणून पिस्टनचं रबर त्या छिद्रावर बसून राहायचं. गार असताना कळायचं नाही.

कानशी मारू नका. मारणारे आहेत, चालतंही कधी कधी. पण नाक तिरकं घासलं गेलं तर पिस्टनला आडवं ढकलतं आणि मास्टर आतून खरवडतो. गाडीच्या कंपनीचा असली लिव्हर घ्या, दोनशे-तीनशे जास्त जातील. लावल्यावर बघा, टोकाला थोडी मोकळी चाल हवी, त्यानंतर पिस्टन लागायला हवा.

मग टाकीचं झाकण काढा, तोंड लांब ठेवा, आणि लिव्हर अगदी हळू, सुरुवातीचा थोडासाच दाबा. ऑइलच्या पृष्ठभागावर बारीक कारंजं उडालं की छिद्र उघडं आहे असं समजा. नाही उडालं तर वायरमधल्या तांब्याच्या एका बारीक तारेने हलकेच मोकळं करा. ड्रिलची सुई अजिबात घालू नका.

तुमचे पॅड तापून काचेसारखे चकाकत असतील, बघा. चकाकत असतील तर बदलाच, ऑइलही परत बदला, ते भाजलंय. किट बसवणाऱ्याने सीलला काय लावलं होतं तेही विचारा. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं असेल तर रबर फुगतं आणि तीन महिन्यांत पिस्टन पुन्हा अडकेल. सीलला ब्रेक ऑइलच लावायचं. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, ती मापून घ्या. निळसर पडली म्हणून लगेच टाकू नका, फिरताना किती डगमगते ते मोजणारं डायल लावून बघा. ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त लचकत नसेल तर साधारणपणे चालते.

टॉवेलवाला_अशोकचौक

असली लिव्हर ३८० ला मिळाला. कारंजं उडालं. पॅड खरंच चकाकत होते, बदलले. सील काढून पाहिलं, त्यावर ग्रीस होतं, म्हणून किटही नवं घातलं. डिस्क ०.१५, तीच ठेवली.

या मंगळवारी एकटाच तुळजापूरला जाऊन आलो. घाट उतरून त्याच जागी थांबलो, ठोकळा लावला, चाक एका बोटाने फिरलं. लिव्हर सकाळी होता तसाच. पुढच्या मंगळवारी बायकोला घेऊन जाणार आहे, तिने स्वतःच विचारलं.

एक सांगायचं राहिलं. त्याच दुकानातून त्याच दिवशी धाकट्या भावाच्या गाडीलाही तसलाच लिव्हर घेतला होता. तो रोज मोहोळला जातो. संध्याकाळी आला की त्याची गाडी बघतो.

सत्तरफूट_गॅरेज

संध्याकाळपर्यंत थांबू नका, आत्ता फोन करा. येताना ब्रेक कडक लागला तर गाडी बाजूला घेऊन बोल्ट काढून लिव्हरच बाजूला करायचा, एवढं सांगा. आणि त्यानंतर पुढचा ब्रेक नाही असं धरून, मागच्या ब्रेकवर, वीसच्या वर न जाता जवळच्या गॅरेजला जायचं.

टॉवेलवाला_अशोकचौक

केला फोन. सावळेश्वरच्या पुढे आहे, म्हणतोय लिव्हर चार दिवसांपासून जरा कडकच लागतोय. तिथेच थांबायला सांगितलंय. जुना लिव्हर, १० चा पाना आणि ठोकळा घेऊन निघालोय.