बालगृहातून कॉलेजात: कुठे अडतं, कसं सुटतं?

वाटसरू
कॅपची, म्हणजे कॉलेजांच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांची गडबड सुरू झालीय. आज झेरॉक्सवाल्याकडे एका पोराच्या हातात अनाथ प्रमाणपत्र दिसलं आणि जुन्या फायली आठवल्या. बालगृहातल्या मुलांना कॉलेजात पोचवायचं काम ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. कौतुक नको, कुठे अडतं ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात. बालगृहात वाढलेलं प्रत्येक मूल कागदावर अनाथ नसतं. आई किंवा वडील हयात असतील, भले दहा वर्षांत तोंड दाखवलं नसेल, तरी अनाथांसाठीचं १% आरक्षण मिळत नाही. २०२३ च्या जीआरमध्ये संस्थात्मक आणि संस्थाबाह्य असे दोन गट आहेत. दोन्हींत आईवडील दोघंही नसणं ही अट आहे. आधी फाईल उघडा, मग पोराला आशा लावा.

शेवंती
प्रमाणपत्र विभागीय उपायुक्तांच्या सहीचं, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. अकरावीतच टाका!! सीईटीचा निकाल लागल्यावर धावाधाव करून काही होत नाही. घोडं हमखास अडतं ते मृत्यूदाखल्यावर. वडील ऊसतोडीला गेले, तिकडेच वारले, नोंद कुठेच नाही. वर्ष उलटलं की नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्यात महिने जातात.

कट्टेकरी
आणि ज्यांना प्रमाणपत्र मिळत नाही त्यांचं काय, वाटसरू?

वाटसरू
बाल न्याय कायद्याचं कलम ४६. संस्थेतून १८ पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या कुणालाही अनुरक्षणाचा (संस्था सुटल्यानंतरच्या मदतीचा) आधार मिळू शकतो, तिथे अनाथपणाची अट नाही. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून महिना ४००० रु. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. मुदत वयाच्या २१ पर्यंत, अपवाद म्हणून २३. ही मुलं शाळेत उशिरा बसलेली असतात, बारावीलाच १९ पूर्ण. म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातच २१ भरतात. मुदतवाढीचा अर्ज वाढदिवसाच्या आधी गेला पाहिजे.

पाटी_पेन्सिल
ओटीपी!!! कुणीच कसं लिहिलं नाही? आधारला मोबाईल नंबर बालगृहाच्या जुन्या अधीक्षकांचा. ते बदलून गेले, फोन बंद. महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल, उघडत नाही. पोराला आधार केंद्रावर नेऊन नंबर बदला, तिथे बोटांचे ठसे लागतात. मग बँक. अधीक्षकांसोबतच्या जुन्या जोडखात्यालाच आधार जोडलेलं असतं, पैसे तिकडे जाऊन पडतात. नवीन खातं काढलं की 'डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार जोडा' असा वेगळा फॉर्म शाखेत द्या. नुसती केवायसी पुरत नाही.
कुकर झालाय, येते.

शेवंती
पाटीताई +१. शिट्ट्या मोजा आधी 😄

गोदाकाठ
अँटी रॅगिंगचं हमीपत्र. पालकाचं वेगळं, आणि दर वर्षी नव्याने. क्लार्क म्हणतो वडिलांना घेऊन ये. रांगेत, सगळ्यांसमोर. आपण आधीच प्राचार्यांना पत्र द्यायचं, की पालक म्हणून अमुक सही करतील, फोन हा. त्याची प्रत मुलाच्या बॅगेत. त्याला खिडकीवर स्वतःची कहाणी सांगावी लागू नये, एवढ्यासाठी तो कागद.

लीड्सकर
इकडे इंग्लंडमध्ये अशा संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलांना केअर लीव्हर म्हणतात. युकासच्या, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या सामायिक अर्जात तसा रकाना असतो. वयाच्या २५ पर्यंत पर्सनल अ‍ॅडव्हायझर (मार्गदर्शक), शिवाय पदवीला कौन्सिलकडून (स्थानिक प्रशासनाकडून) २००० पौंड एकदाच. सुट्टीत राहायची सोय करणंही कौन्सिलकडे. तरी मुलं रकाना भरत नाहीत, शिक्का बसेल म्हणून.

कट्टेकरी
२५!! इथे १८ व्या वाढदिवसाला केक आणि पेटी.

मेसची_चपाती
सुट्टीचं लिहिणारच होतो. दिवाळीत होस्टेल रिकामं, मेस बंद. रेक्टरांना सप्टेंबरातच अर्ज द्या, खोली चालू ठेवा म्हणून. रेक्टर हो म्हणतात, पण जेवणाचं कोण बघणार? चार दिवस बिस्किटांवर काढतात पोरं. बाहेरचा डबा आधीच ठरवून ठेवा.

४००० चं म्हणाल तर एकदम हातात देऊ नका असं मी म्हणणार नाही, पैसे त्याचेच आहेत. पण जन्मभर घंटेवर जेवलेल्या पोराला महिन्याचा हिशोब कुठून येणार? मेसचे ३००० आले त्याच दिवशी भरायचे, उरलेल्या हजाराचे अडीचशेप्रमाणे चार भाग. पहिले तीन महिने सोबत बसा.

सामान: गादी, बादली, दोन चादरी, कुलूप. संस्थेची चादर परत मागतात.

शेवंती
फी राहिली. ८ जुलै २०२४ च्या जीआरने व्यावसायिक अभ्यासक्रमांत अनाथ मुलामुलींनाही शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ, दोन्ही गटांना. कॉलेज तरी आधी भरा म्हणालं तर जीआरची प्रत पुढे करा. स्वनाथ शिष्यवृत्ती वर्षाला ५०,०००, पण फक्त एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद)-मान्य डिग्री-डिप्लोमाला. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती चालू असेल तर अटी वाचूनच अर्ज करा.

पाटी_पेन्सिल
आले परत. दहावीच्या मार्कशीटवर एक आडनाव, आधारवर दुसरं, याला काय करता? गॅझेटमध्ये नावबदल छापायचा?

गोदाकाठ
मार्कशीट प्रमाण धरा, आधार बदला. गॅझेट शेवटी. आणि ताई, पावसाळ्यासाठी बटणवालं प्लास्टिक फोल्डर घ्या, कागदी फाईलचा लगदा होतो.

पाटी_पेन्सिल
बटण तुटतं हो. चेनवालं.