हँडल लांब पडतंय, करंगळी बधिर होते: स्टेम बदलू की आधी दुसरं काही?

रंकाळा_पहाटे

उंची ५ फूट ५ इंच. सायकल हायब्रिड, हँडल सपाट, फ्रेम एम मापाची. स्टेम (हँडलला पुढच्या नळ्याशी जोडणारा तुकडा) ९० मिमी, त्यावर ७ अंश छापलंय आणि आत्ता ते खाली झुकतं बसवलेलं आहे. स्टेमखाली १० मिमीचा एक स्पेसर (नळ्यावर बसणारी कडी), वर १० आणि ५ असे दोन. पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळपर्यंत जाऊन येईतो करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, मान भरून येते. दुकानात म्हणाले ६० चं स्टेम टाका. एवढं लहान लागेल का?

दुसरं, वडिलांची काळी रॉड ब्रेकवाली (केबलऐवजी लोखंडी दांड्यांनी ब्रेक ओढणारी) सायकल आहे. तिचं हँडल दोन बोटं वर घ्यायचंय, पण बोल्ट सैल करूनही ते जागचं हलत नाही.

पान्हा_तेरा

६० चं आज घेऊ नका. करंगळी आणि अनामिका बधिर होते म्हणजे तळहाताच्या बाहेरच्या कडेची नस दबतेय. हातांवर वजन जास्त येतंय किंवा मनगट वाकडं राहतंय. याचं मूळ बऱ्याचदा हँडलमध्ये नसतं, सीटमध्ये असतं.

सीटवर पाणसळ ठेवून बघा. नाक खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि ते थोपवायला हात ताठ होतात. सीट सपाट करा. उंचीसाठी पेडल सगळ्यात खाली आणून त्यावर टाच ठेवा; पाय सरळ व्हावा, पण कंबर एका बाजूला कलू नये. मग क्रँक (पेडलचा दांडा) आडवा ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडा. तो पेडलच्या ॲक्सलच्या आसपास पडला की सुरुवातीला पुरे. हँडल जवळ यावं म्हणून सीट पुढे ओढायची नाही. तसं केलं की वजन आणखी हातांवर येतं, वर गुडघेही कुरकुरतात. सीट पायांच्या मापाने लावायची, हँडल सीटच्या मापाने.

मग ब्रेकचे लिव्हर. बोटं लिव्हरवर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेघ दिसली पाहिजे. नव्या सायकलींना ते बहुतेक आडवे असतात, त्यामुळे मनगट वर मोडतं. क्लॅम्प सैल करून लिव्हर थोडे खाली फिरवा. बोटं लहान असतील तर लिव्हरच्या बुडाशी बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर हँडलजवळ येतो.

हे करून दोन दिवस चालवा. तरी लांब वाटलं तर जे हातात आहे तेच वापरा. हायब्रिडचा पुढचा नळा साधारण ७१ अंशांत कललेला असतो, म्हणून स्टेम वर गेलं की थोडं मागेही येतं. तुमचे वरचे दोन्ही स्पेसर खाली घेतले तर हँडल सुमारे १४ मिमी वर आणि ५ मिमी जवळ. स्टेम उलटं केलं तर आणखी २१ मिमी वर, ७ मिमी जवळ. म्हणजे एक रुपया न घालता ३५ मिमी वर आणि १२ मिमी जवळ. हे लई होतं! म्हणून दोन्ही एकदम करू नका, आधी फक्त स्पेसर.

कृती: आधी स्टेमच्या वरच्या टोपीचा बोल्ट काढा, मग स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट सैल करा. सायकल उचलू नका, नाहीतर चिमटा (पुढचं चाक धरणारा भाग) खाली सरकून बेअरिंग सांडतील. स्पेसर बदला, स्टेम बसवा. टोपी हळूहळू आवळा, खेळ गेला की थांबा. टोपीचं काम फक्त बेअरिंगवर दाब देण्याचं. स्टेम धरून ठेवतात ते बाजूचे बोल्ट. पुढचं चाक आणि हँडल एका रेषेत आणा आणि मगच बाजूचे बोल्ट आळीपाळीने आवळा. किती जोराने आवळायचं त्याचा आकडा स्टेमवर छापलेला असतो, बहुधा ५ न्यूटन-मीटर. पान्ह्याला पाइप लावून जोर काढायचा नाही, ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात.

शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. ब्रेकची किंवा गिअरची केबल ताणली गेली तर ती बदलल्याशिवाय एवढं वर ठेवता येणार नाही.

चढ_उतार

एवढी खटपट कशाला? कोन बदलणारं ॲडजस्टेबल स्टेम घ्या, हवं तसं वर-खाली करा.

पान्हा_तेरा

माप शोधायला ठीक, कायमचं नको. त्याचा सांधा वजनाला जड असतो आणि पावसात माती शिरली की करकरतो. पन्हाळ्याच्या उतारावर ब्रेक दाबून सगळं वजन हँडलवर असताना तो सांधा सैल झाला तर? कोन सापडला की त्याच मापाचं साधं स्टेम बसवा. आणि एक लक्षात ठेवा, उलटं करून वर झुकवलेलं स्टेम ९० चं ७० केलं तर हँडल १८ मिमी जवळ येतं, पण ९ मिमी खालीही जातं.

उद्यमनगर_लेथ

स्पेसर कमी पडले तर विकत मिळतात, नाहीतर ॲल्युमिनियम रॉडमधून लेथवर काढून घ्या. चिमट्याचा नळा २८.६ मिमीचा, म्हणून आतलं भोक २८.७ ते २८.८. दोन्ही तोंडं समांतर हवीत. एक तोंड जरी तिरकं राहिलं तर टोपी आवळताना स्टेम एका बाजूला दाबतं आणि हँडल कुठे जड, कुठे हलकं वळतं. हँडल कापणारही असाल तर सांगतो: रुंद हँडल म्हणजे हात लांब जाणारच. दोन्हीकडून १०-१० मिमी कापून बघा, पण आधी लिव्हर आणि ग्रिप आत सरकवून तेवढं चालवून बघायचं. कापलेलं परत जोडता येत नाही.

रंकाळा_पहाटे

सीटचं नाक खरंच खाली होतं, सपाट केलं. वरचा १० चा स्पेसर खाली घेतला, ५ चा जास्तीचा वाटला म्हणून काढून ठेवला. आता पुढचा ब्रेक दाबून हलवलं की कटकट वाजतं. टोपी पूर्ण आवळली तरी जात नाही.

पान्हा_तेरा

तो ५ चा जास्तीचा नाही. चिमट्याच्या नळ्याचं तोंड स्टेमच्या किंवा वरच्या स्पेसरच्या कडेपेक्षा साधारण ३ मिमी खाली हवं. ५ चा काढल्यामुळे नळा २ मिमी वर आला, टोपी नळ्यावरच टेकली आणि दाब बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. बाजूचे बोल्ट सैल करा, ५ चा स्टेमच्या वर घाला, टोपी पुन्हा आवळा. पुढचं चाक उचलून धरल्यावर हँडल आपोआप एका बाजूला पडायला हवं. अडखळलं तर टोपी जास्त आवळली. तोवर चालवू नका, ढिल्या बेअरिंगवर छर्रे वाटीत खड्डे पाडतात.

काळी_चोवीस

रॉड ब्रेकवालीचं सांगतो. तिथे स्टेमची दांडी चिमट्याच्या नळ्यात खोल गेलेली असते आणि तळाला पाचर असते. बोल्ट तीन-चार आटे सैल केल्यावर त्याचं डोकं वर येतं, पण पाचर तशीच गच्च असते. डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने एक सरळ ठोका द्या. बोल्ट खाली बसला की पाचर सुटली. बोल्ट पूर्ण काढायचा नाही, पाचर आत पडते. गंजाने धरलं असेल तर रात्रभर गंज सोडवणारं तेल मुरू द्या, मग चाक गुडघ्यांत धरून हँडल डावी-उजवीकडे पिळा.

पण त्याआधी ब्रेकच्या दांड्यांचे सांधे सैल करा. हँडल वर आलं की दांड्या वर ओढल्या जातात, रबर रिमला आतून चिकटतात आणि चाक जाम होतं. ते न बघता बोल्ट आवळला तर ब्रेकची दांडी वाकते.

स्टेमच्या दांडीवर कमाल उंचीची खूण असेल तर ती बाहेर दिसता कामा नये. खूण नसेल तर किमान अडीच इंच आत राहू द्या. दांडी आणि पाचर पुसून ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा हेच. शेवटी रबर आणि रिममध्ये ३ मिमी अंतर ठेवून सांधे आवळा, मागचा ब्रेकही तपासा, कारण त्याचीही दांडी हँडलपासूनच निघते.