शेअर्ड पॉइंटर म्हणजे सामाईक सातबारा. सगळीकडे लावायचा का?

जकार्ड_मास्तर
सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरवाल्यांसाठी आम्ही डिझाइनचं सॉफ्टवेअर करतो. पडद्यावर नक्षी काढायची आणि ती इलेक्ट्रॉनिक जकार्डला (मागावर नक्षी विणून घेणाऱ्या यंत्राला) कळेल अशा फाइलीत उतरवायची. सगळं सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत. परवा नव्या पोरांचा कोड तपासायला बसलो, तर जिथं बघावं तिथं शेअर्ड पॉइंटर. (पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या वस्तूचा पत्ता; शेअर्ड असला की वस्तू किती जणांनी धरली आहे तेही मोजतो.) रंगांचा तक्ता शेअर्ड, बुट्टे शेअर्ड, दोन ओळींच्या फंक्शनला पाठवलेली वस्तूसुद्धा शेअर्ड, तीही कॉपी करून. विचारलं, हा बुट्टा नेमका कोणाच्या मालकीचा? उत्तर आलं, "सर, सगळ्यांच्या."

शेअर्ड पॉइंटर म्हणजे सामाईक सातबारा. नाव चढलं की आकडा वाढतो, नाव कमी झालं की घटतो, शून्यावर आला की जमीन, म्हणजे वस्तूची मेमरी, मोकळी. पण बहुतेक वस्तूंना मालक एकच असतो आणि त्यासाठी युनिक पॉइंटर आहे. ६४ बिटच्या मशीनवर साध्या पॉइंटरएवढाच, ८ बाइट, मोजणीच नाही. शेअर्ड सहसा १६ बाइट, वर मोजणीचा कंट्रोल ब्लॉक वेगळा. माझ्या मते मालक कोण हे ठरवायचा आळस आला की माणूस शेअर्ड लावतो.

कडक_भाकरी
काय बे मास्तर, पोरांना कशाला ओरडायलास? आपण टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकलो. न्यू करून मेमरी घेतली, डिलीट करून सोडायची विसरलो, नाहीतर दोनदा सोडली. मग आपोआप डिलीट करणारा ऑटो पॉइंटर. त्याची कॉपी केली की मूळचाच रिकामा! सी प्लस प्लस ११ मध्ये त्याला मोडीत काढायचं ठरलं, १७ मध्ये काढूनच टाकला. त्या मानानं शेअर्ड पॉइंटर देवमाणूस आहे. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर नेमकं दिवाळीच्या गर्दीत गिऱ्हाइकासमोर मान टाकायचं. सगळं शेअर्ड केलं, बंद झालं. आठ बाइट जास्त गेले तर जाऊ देत की. आठ जीबीची मशीन काय चादरी वाळवायला घेतली का?

जकार्ड_मास्तर
बाइटचं सोड. आमच्याकडं काय झालं ते ऐक. थरात बुट्टे. थराकडं बुट्ट्यांचे शेअर्ड पॉइंटर आणि प्रत्येक बुट्ट्याकडं 'माझा थर कुठला' म्हणून थराचा शेअर्ड पॉइंटर. फाइल बंद केली तरी थरानं बुट्ट्याला धरलेलं, बुट्ट्यानं थराला. पंगतीत दोघं जण समोरचा उठल्यावर उठू म्हणून बसून राहिले, तसं. आकडा शून्यावर येणार कसा? क्रॅश नाही, एरर नाही. तिकडचा डिझायनर दिवसभर फाइली उघडायचा-मिटायचा, संध्याकाळपर्यंत मशीनची गोगलगाय. त्यानं स्वतःच तोडगा काढला, रोज चहाच्या वेळी कॉम्प्युटर बंद-चालू. आठ महिने आम्हाला बोलला नाही! क्रॅश झालं असतं तर दुसऱ्या दिवशी फोन आला असता.

बुट्ट्याकडचा पॉइंटर वीक केला. वीकचं नाव सातबाऱ्यावर नसतं. लागेल तेव्हा 'लॉक' हे फंक्शन बोलावून विचारायचं, थर अजून आहे का? बदल एका ओळीचा, शोधायला चार दिवस.

विजापूर_वेस
हे दुखणं जुनंच. जॉर्ज कॉलिन्स यांनी रेफरन्स काउंटिंग, म्हणजे हीच मोजणीची पद्धत, १९६० मध्ये मांडलं, त्याच वर्षी मॅकार्थींच्या लिस्प भाषेवरच्या लेखात गार्बेज कलेक्शन, म्हणजे बेवारस मेमरी आपोआप झाडणं, आलं. चक्रात अडकलेल्या वस्तू मोजणीला सापडत नाहीत, म्हणून सीपायथन (पायथन भाषा चालवणारा नेहमीचा प्रोग्राम) मोजणी तर करतोच, वर चक्रं शोधणारा वेगळा कलेक्टर ठेवतो. शेअर्ड पॉइंटरला असा झाडूवाला नाही, आपलं अंगण आपणच झाडायचं.

पण मास्तर, 'आळस' पटला नाही. तुमचा रंगांचा तक्ताच घ्या. एकच तक्ता उघड्या असलेल्या सगळ्या नक्ष्या वापरतात, कुठली शेवटी बंद होईल ते आधी कळत नाही. तिथं एकटा मालक कोणाला करणार?

शेंगाचटणी
दादा, मधेच विचारते. मी क्लासच्या आतून 'धिस' (वस्तूचा स्वतःचाच पत्ता) शेअर्ड पॉइंटरमध्ये घालून पाठवते आणि प्रोग्राम पडतो. शेअर्ड असून दोनदा डिलीट कसं होतं?

कडक_भाकरी
ताई, एकाच कच्च्या पॉइंटरपासून दोन शेअर्ड बनवले की कंट्रोल ब्लॉकही दोन होतात. एकाच गटाचे दोन सातबारे! दोन्हींचे आकडे आपापले शून्यावर येणार आणि दोघंही डिलीट करणार. 'एनेबल शेअर्ड फ्रॉम धिस' वापरा, म्हणजे आतूनही तोच सातबारा मिळतो, आणि वस्तू मेक शेअर्डनं बनवा.

जकार्ड_मास्तर
देवमाणूस ना रे? :)

गंजका_लोखंड
सगळ्यांनी रस्ट भाषेत या. साध्या मोजणीला आरसी, थ्रेडसाठी (एकाच वेळी चालणाऱ्या कामांसाठी) आर्क. आरसी दुसऱ्या थ्रेडला द्यायला गेलात तर कंपाइलरच दारात अडवतो.

कडक_भाकरी
चक्र केलं की तिथंही मेमरी लीकच होते बे.

जकार्ड_मास्तर
थ्रेडवरून आठवलं. शेअर्ड पॉइंटर थ्रेडसेफ असतो असं आमच्या पोरांना वाटायचं. ॲटॉमिक, म्हणजे थ्रेडच्या गर्दीतही न चुकणारी, आहे ती फक्त मोजणी. आतली वस्तू दोन थ्रेडनी एकदम बदलली तर कुलूप आपलं आपणच लावायचं. आणि ती मोजणीही फुकट नाही. चार थ्रेड एकच तक्ता कॉपी करत सुटले की चौघंही एकाच आकड्याच्या रांगेत उभे. फंक्शनला नुसतं बघायचं असेल तर कॉन्स्ट रेफरन्स द्या, म्हणजे कॉपी नाही आणि मोजणीही नाही.

विजापूर वेस, तक्त्याचं मान्य. तो शेअर्डच ठेवतो. बुट्टे मात्र युनिक करणार, पोरं रुसली तरी.

कडक_भाकरी
माझं मत बदललेलं नाही. नव्या पोरानं आधी शेअर्डनंच लिहावं, मालकी समजेल तसं युनिक करावं. पण तुझं ते चहाच्या वेळचं बंद-चालू वाचल्यापासून पोटात गोळा आलाय. नवी पेठेतल्या एका दुकानदारानं मागच्या आठवड्यात विचारलं होतं, "रोज दुपारी कॉम्प्युटर एकदा बंद करायलाच लागतो का?" मी हो म्हणालो होतो. बिलाकडं गिऱ्हाइकाचा शेअर्ड पॉइंटर आहे आणि गिऱ्हाइकाकडं बिलांची यादी. उद्या दुकान उघडायच्या आत तिथं जाऊन बसतो.