नुकतेच मधुमेहाचे निदान झाले आहे आणि सतत भूक लागते

रानजाई :
नमस्कार. माझे वय ४४ असून मी सांगली जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वजन आपोआप उतरू लागले आणि रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागू लागले, म्हणून गेल्या महिन्यात तपासणी करून घेतली. उपाशीपोटीची साखर २१२, जेवणानंतरची ३१८ आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ९.८ आली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी सकाळी नाश्त्याआधी घेण्यास सांगितले आहे. आहाराविषयी मात्र गोड व भात बंद करा आणि जेवण निम्मे करा, यापलीकडे काही मार्गदर्शन मिळाले नाही.

मी सांगितल्याप्रमाणे वागते आहे. सकाळी चहा आणि एक पोळी, दुपारच्या डब्यात एक भाकरी आणि पालेभाजी, रात्री पुन्हा एक भाकरी आणि पातळ आमटी, एवढेच खाते. शालेय पोषण आहाराची खिचडी मुलांना वाढण्यापूर्वी चाखावी लागते, तीही चमचाभरच घेते. तरीही सकाळी दहाच्या सुमारास पोटात आग पडते, दुपारी चारला हात थरथरू लागतात आणि विनाकारण मुलांवर चिडचिड होते, आणि रात्री जेवून तास होत नाही तोच पुन्हा काहीतरी खावेसे वाटते. खाल्ले तर साखर वाढेल अशी भीती वाटते आणि न खाल्ले तर वर्गात उभे राहवत नाही. ही भूक आजाराची आहे, गोळीची आहे की मी कमी खाते म्हणून लागते? शेजारच्या काकू दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा आग्रह करीत आहेत. शिवाय माझा संकष्टीचा उपवास असतो, तो करावा की सोडावा, हेही कळत नाही. कृपया जाणकारांनी सांगावे.

कृष्णाकाठ :
रानजाईताई, मला मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली आहेत, त्यामुळे तुम्ही लिहिलेले प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटले. तुमच्या तीन वेळच्या भुका एकाच कारणाच्या असतील असे मला वाटत नाही. म्हणून पहिली विनंती अशी की घरी ग्लुकोमीटर नसेल तर तो घ्या आणि भूक लागली की काही खाण्याआधी साखर मोजून वहीत लिहा. वेळ, आकडा, त्याआधी काय आणि केव्हा खाल्ले होते, आणि भुकेबरोबर घाम, थरथर किंवा धडधड होती का, एवढे लिहिले तरी पुरे.

असे करण्याचे कारण सांगतो. रक्तातली साखर खूप वाढलेली असते तेव्हाही भूक लागते, कारण इन्सुलिन कमी पडल्यामुळे किंवा शरीर त्याला दाद देत नसल्यामुळे ती साखर पेशींपर्यंत नीट पोहोचत नाही. शिवाय साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही आणि खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा लघवीवाटे निघून जाते. तुमचे वजन उतरणे, रात्रीचे उठणे आणि ही भूक यांचे मूळ बहुधा तिथेच आहे. त्या भुकेवर उपाय म्हणजे साखर आटोक्यात आणणे. ती जसजशी खाली येते तसतशी ही भूकही काही आठवड्यांत ओसरते, हे मी स्वतः अनुभवले आहे आणि इतरांच्या बाबतीतही पाहिले आहे.

याच्या अगदी उलट, साखर ७० च्या खाली गेल्यावर जी भूक लागते ती धोक्याची सूचना असते आणि तिथे क्षणभरही थांबून चालत नाही. तुमची चार वाजताची थरथर मला त्या प्रकारची वाटते. तसा आकडा आला तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि साखर ७० च्या वर आली नसेल तर तेवढीच पुन्हा घ्या. लाडू किंवा चॉकलेट अशा वेळी उपयोगाचे नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे पिष्ट आणि साखरेचे पचन मंदावणारे औषधही असेल, तर साध्या साखरेऐवजी ग्लुकोजची पावडरच हवी, म्हणून पाकिटावरची नावे एकदा नीट वाचून घ्या.

पळसपान :
मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. मोजून पाहण्याचा सल्ला अगदी योग्य आहे, पण ताईंच्या जेवणाचे वर्णन वाचून मला अधिक काळजी वाटली, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते.

जेवण निम्मे केले की भाकरीबरोबर भूक भागवणारे पदार्थही निम्मे होतात, हा या सल्ल्यातला खरा दोष आहे. तुमच्या दिवसभराच्या जेवणात प्रथिने जवळजवळ नाहीतच. पातळ आमटीत डाळीपेक्षा पाणी जास्त असते आणि पालेभाजी उत्तम असली तरी ती एकटी पोटाला आधार देत नाही. दुसरीकडे, भाकरी म्हणजे मधुमेहाला चालणारी आणि पोळी म्हणजे न चालणारी अशी जी समजूत आपल्याकडे पसरली आहे, तिला फारसा आधार नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि गहू या चारही धान्यांच्या शंभर ग्रॅम पिठात साठ ते सत्तर ग्रॅमच्या दरम्यान कर्बोदके असतात. भाकरी आवडत असेल तर जरूर खा, पण आकडा वाढतो तो किती खाल्ली आणि कशाबरोबर खाल्ली यावर, हे लक्षात असू द्या.

सकाळच्या चहा-पोळीच्या जागी मुगाचे धिरडे व घट्ट दही, किंवा दोन अंडी आणि एक लहान पोळी, असा बदल करून पाहा. एका अंड्यातून साधारण सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. डब्यात एक भाकरी असू द्या, पण तिच्याबरोबर वाटीभर घट्ट उसळ हवी, मग ती मटकीची, मुगाची, चवळीची किंवा हरभऱ्याची असो. पिठले असेल तर तेही चालेल, कारण बेसन हे डाळीचेच पीठ आहे. काकडी, मुळा, गाजर, कोबी यांची दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर भरपूर घ्या आणि ती जेवणाच्या सुरुवातीला खा. भाजी-कोशिंबीर आणि उसळ आधी खाऊन धान्य शेवटी खाल्ले, तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. डब्यात झाकण उघडताच भाकरीकडे हात जातो, तेवढी सवय बदलावी लागेल. मांसाहार करीत असाल तर मासे आणि कोंबडी हे चांगले पर्याय आहेत, फक्त रश्श्याबरोबर भाकऱ्यांची संख्या नकळत वाढते तिकडे लक्ष ठेवा.

मधल्या वेळेसाठी भिजवून उकडलेले शेंगदाणे, भाजलेले फुटाणे किंवा पेलाभर बिनसाखरेचे ताक जवळ ठेवा. शेंगदाण्यांत ऊर्जा बरीच असते, म्हणून मूठभरच घ्या. मारी बिस्किटे आणि मुरमुरे मात्र टाळा. ते हलके समजले जातात, पण पटकन पचतात, साखर चढवतात आणि थोड्याच वेळात पुन्हा भूक लागते. तथाकथित शुगर-फ्री बिस्किटांतही बहुधा मैदा असतोच.

तुमचे वजन घटते आहे, तेव्हा उपाशी राहण्याचा विचार सध्या मनातून काढून टाका. तुम्ही पोटभर जेवले पाहिजे, आणि तसे जेवता येते.

दीपस्तंभ :
मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करतो. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय औषधांचे प्रमाण सांगता येणार नाही, परंतु तीन गोष्टी नोंदवणे आवश्यक वाटते.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवायला लावते आणि तुम्ही जेवलात की नाही याची वाट पाहत नाही. ही गोळी चालू असताना जेवण निम्मे करणे किंवा उशिरा जेवणे यामुळे साखर घसरू शकते. मेटफॉर्मिनने एकट्याने असे सहसा होत नाही, उलट सुरुवातीला त्याने भूक थोडी कमीच होते. दोन वेळा जेवण्याची पद्धत आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे घरोघरी पोहोचली आहे आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवण्याचा त्यांचा नियमही अनेकांना तोंडपाठ आहे. तुमच्या शेजारच्या काकूंना ती मानवलीही असेल, परंतु काकू कोणते औषध घेतात हे तुम्हाला ठाऊक नाही. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असलेल्या व्यक्तीने डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेतल्याशिवाय कोणताही उपवास किंवा दोन जेवणांची पद्धत सुरू करू नये. संकष्टीलाही हेच लागू होते.

कधी कधी मोजल्यावर साखर १०० ते १२० च्या आसपास येते आणि तरीही थरथर आणि भूक जाणवते. दीर्घकाळ चढ्या साखरेची सवय झालेल्या शरीराला नेहमीची पातळीही कमी भासते. तेव्हा घाबरून गोड खाऊ नका. थोडे फुटाणे किंवा ताक घ्या, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. शरीर हळूहळू जुळवून घेते.

वजनाकडे मात्र काटेकोर लक्ष ठेवा. औषध आणि आहार नीट असूनही ते उतरतच राहिले आणि साखर खाली आली नाही, तर शरीरात इन्सुलिनच कमी तयार होत आहे का हे पाहण्यासाठी सी-पेप्टाइड आणि प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते, कारण टाइप १ मधुमेह, म्हणजे ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते तो प्रकार, प्रौढ वयातही सुरू होऊ शकतो. भूक वाढूनही वजन घटत असेल तर थायरॉइडचीही तपासणी करून घ्यावी. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, अतिशय गळून जाणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पुढच्या एचबीए१सी तपासणीसाठी तीन महिने थांबण्याची गरज नाही, वही घेऊन आताच डॉक्टरांना भेटा.

रानजाई :
सर्वांचे मनापासून आभार. ग्लुकोमीटर आणला आणि प्रत्येक भुकेच्या वेळी मोजून लिहीत गेले. सकाळी दहाची साखर बहुतेक वेळा २३० च्या पुढे होती. चार वाजता एकदा ६६ आणि एकदा ६९ आली. पहिल्या वेळी सहकारी बाईंनी धावत जाऊन साखरेचे पाणी आणून दिले आणि पंधरा मिनिटांत बरे वाटले. रात्रीचे आकडे १४० ते १६० च्या दरम्यान आहेत. वही पाहून डॉक्टरांनी गोळी बदलली. ग्लिमेपिराइड कमी मात्रेचे दिले आणि मेटफॉर्मिन दोन वेळा विभागून घ्यायला सांगितले. थायरॉइडची तपासणीही केली, ती व्यवस्थित आहे. सकाळी धिरडे आणि दुपारी उसळ सुरू केल्यापासून दहाची आग बरीच शमली आहे आणि वजन उतरायचे थांबले आहे. रात्रीची भूक मात्र अजून जात नाही, आणि परवा संकष्टी आहे.

पळसपान :
हे वाचून फार समाधान वाटले. रात्री साखर १४० ते १६० असताना लागणारी भूक जेवणाच्या रचनेची किंवा सवयीची असू शकते. रात्रीची आमटी घट्ट करा, तिच्याबरोबर पनीर, अंडे किंवा दुपारची उरलेली उसळ घ्या, आणि जेवणानंतर अंगणात दहा-पंधरा मिनिटे चाला, त्याने जेवणानंतरची साखरही कमी चढते. तरीही भूक वाटली तर पेलाभर ताक घ्या आणि निर्धास्त झोपा. जागरण टाळा, कारण अपुऱ्या झोपेनेही दुसऱ्या दिवशीची भूक वाढते.

संकष्टीविषयी आधी डॉक्टरांना फोन करून त्या दिवशीच्या गोळीचे विचारा. उपवास करण्यास त्यांनी संमती दिली, तरी चंद्रोदयापर्यंत रिकाम्या पोटी राहू नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट असते, तेव्हा खिचडीऐवजी राजगिऱ्याची लहान भाकरी, दही, काकडीची कोशिंबीर आणि मूठभर शेंगदाणे असे दोन-तीन वेळा विभागून घ्या. दुपारी चारला आणि चंद्रोदयापूर्वी साखर मोजा. ७० च्या खाली गेली तर उपवास तिथेच सोडून साखरेचे पाणी प्या, नैवेद्याचा मोदक त्या कामासाठी वापरू नका.