आजीची आबूची पोस्टकार्डं: साल कसं काढायचं?

रावपुऱ्याची नात

मंडळी, जुन्या चित्रांच्या पोस्टकार्डांबद्दल विचारायचंय. इथे तिकिटं जमवणारे दोघंतिघं आहेत हे माहीत आहे, म्हणून इथेच लिहिते.

माझी आजी लग्नानंतर एका उन्हाळ्यात माहेरच्या माणसांबरोबर आबूला गेली होती. तिचा भाऊ रेल्वेत. त्याचा पास निघाला आणि तो आई नि बहीण, दोघींना घेऊन गेला. आजोबा बडोद्यातच राहिले. एक तर रजा नव्हती, आणि मेव्हण्याच्या पासावर हवा खायला जाणं त्यांना रुचलं नसतं (असं आत्या म्हणते. आजोबांना ओळखणाऱ्या कुणालाही पटेल). तिथून घरी पाठवलेली आठ कार्डं आणि कोरीच राहिलेली तीन माझ्याकडे आली आहेत. सगळी काळीपांढरी. नक्की तलाव आणि होड्या, तलावावर वाकलेला तो बेडकासारखा खडक, देलवाड्याच्या देवळाचं कोरीव छत, सनसेट पॉइंटवर सूर्याकडे पाठ करून फोटो काढून घेणारी टोपीवाली माणसं.

साल कुठेच नाही! आजी तारीख आणि वार लिहायची, साल नाही. एका कार्डावर "सोमवार, ता. २१ मे" एवढं स्पष्ट आहे. त्यावर तीन तोंडांच्या देवाचं तिकीट, ९ पै. दुसऱ्या एकावर तिकीट ९ पैचंच, पण त्यात बैल विहिरीवर पाणी काढताहेत. शिक्के पुसट, इंग्रजीत "आबू" तेवढं लागतं. चित्राखाली "राजपुताना" छापलंय, त्यामुळे माझा चुलतभाऊ ठासून सांगतो की ही इंग्रजांच्या काळातली. पण आजीचं लग्नच १९५० चं. मग राजपुताना कसं?

दुसरं म्हणजे ही सगळी कार्डं ऐंशीच्या दशकातल्या त्या चिकट पानांच्या आल्बममध्ये आहेत, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेल्या. एक काढायला गेले तर कोपरा उलायला लागला. तिथेच थांबले.

आणि मजकूर. सगळी कार्डं सासऱ्यांच्या नावे: "ती. स्व. दादांस सौ.चा शिरसाष्टांग नमस्कार वि.वि." आजोबांना एकही नाही. मला जरा वाईटच वाटलं. नमुन्यादाखल एक उतरवते:

"आम्ही सुखरूप पोचलो. येथे रात्री पांघरूण लागते. भूक चांगली लागते, आई आग्रहाने वाढते. काल होडीत चढताना माझी एक चप्पल तळ्यात गेली, नावाड्याने बांबूने पुष्कळ शोधली. सौ. आईंचे गुडघे कसे आहेत? टसरचा कोट उन्हात घालणे, पेटीत कसर लागली असेल. सर्वांस यथायोग्य."

तिकीटकाका

पोरी, तुझ्या भावाला सांग, खालच्या छापील ओळीवरून साल काढायचं नसतं. ती ओळ छापखान्याची. दुकानदार एकदा गठ्ठा आणून ठेवायचे आणि संपेपर्यंत विकायचे. राज्य बदललं म्हणून कार्डं कोण फेकतंय? तिकिटाचं तसं नाही, ते ज्या दिवशी निघालं त्याच्या आधी चिकटवता येत नाही.

तीन तोंडांचा देव म्हणजे त्रिमूर्ती. १५ ऑगस्ट १९४९ ला शिल्पांची आणि देवळांची मालिका निघाली, त्यातलं. म्हणजे तो सोमवार १९४९ च्या पुढचा. २१ मेला सोमवार १९५१ मध्ये येतो, नंतर थेट १९५६ मध्ये. त्याच्या पुढचा १९६२ चा, पण १ एप्रिल १९५७ पासून नये पैसे आले, तेव्हा पैचा हिशोब तिथे चालत नाही. राहिली दोन सालं.

आता बैल. ते २६ जानेवारी १९५५ च्या पंचवार्षिक योजनेच्या मालिकेतलं. ट्रॅक्टर, यंत्रमाग, धरण, चरखा आणि हे विहिरीवरचे बैल. ते कार्ड १९५१ मध्ये पोस्टात पडूच शकत नाही. मात्र हे त्या एका कार्डापुरतं खरं. त्रिमूर्तीचं कार्ड त्याच सहलीतलं आहे हे तुला दुसऱ्या कशावरून तरी ठरवावं लागेल. जुनं तिकीट घरात शिल्लक राहतं, पाच वर्षांनीही लावतात. आजी दोनदा गेली असेल तर?

जाता जाता, तेव्हा आबू राजस्थानात नव्हतं. १९५० साली सिरोहीचा तो तुकडा मुंबई राज्यात घातला होता आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राजस्थानला दिला. बडोदंही तेव्हा मुंबई राज्यातच. म्हणजे तुझी आजी राज्याबाहेर गेलीच नव्हती.

आणि हात जोडून सांगतो, तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नकोस. शिक्क्यासकट, कार्डासकट जे आहे तेच खरं. सुटं काढलेलं ९ पैचं तिकीट चाराण्याच्या भावानं मिळतं.

बांधणीवाला

ग्रंथालयात पुस्तकं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, म्हणून आल्बमचं सांगतो.

आधी काही सोडवू नका. आल्बम आहे तसा, पान पान करून फोटो काढून ठेवा. मग वरचा पापुद्रा हळूच उचला. दात साफ करायचा रेशमासारखा दोरा मिळतो औषधाच्या दुकानात, मेण न लावलेला आणा. तो कार्ड आणि पान यांच्या मध्ये घालून करवतीसारखा मागेपुढे न्यायचा, कार्ड न वाकवता. जिथे अडेल तिथे जोर नाही, दुसऱ्या कोपऱ्यातून सुरू. अगदीच सुटेना तर आल्बमचं पान कापा, कार्डाच्या पाठीला तो तुकडा राहू द्या. आल्बम गेला तर गेला.

वाफ, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, यातलं काही नाही. ही कार्डं खरे फोटो असतील तर वरचा थर जिलेटिनचा असतो, वाफेनं फुगतो आणि बोटाला चिकटून येतो. खरे फोटो की छापील ते भिंगातून पाहा. ठिपके ठिपके दिसले तर छापील, सलग राखाडी दिसलं तर फोटो. कडेला कडेला काळ्या भागावर चंदेरी झाक आली असेल तर नक्की फोटो. ती पुसायला जाऊ नका, ती चांदीच आहे. शिवाय मागची शाई टाकची किंवा फाउंटन पेनची असणार, पाण्याचा थेंब पडला की गेली.

ठेवायला पॉलिएस्टरची पाकिटं. वास येणारं मऊ प्लास्टिक नको. लॅमिनेशनचं तर नावच काढू नका, लोक प्रेमापोटी करतात आणि कायमचं वाटोळं होतं. डांबराच्या गोळ्याही यांच्याजवळ नकोत. बडोद्याचा पावसाळा लक्षात घेऊन बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. काही लिहायचं झालं तर पाकिटावर, आणि पेन्सिलीनं.

सुरसागरकाठची

साल आणि शाई चालू द्या, मला मजकुराचं बोलायचंय. अगं, आजोबांना एकही कार्ड नाही म्हणून वाईट काय वाटून घेतेस! तेव्हा सुनेनं नवऱ्याच्या नावानं कार्ड टाकायचं म्हणजे काय ते तुला कळायचं नाही. कार्ड उघडं. पोस्टमन वाचणार, ओट्यावर बसलेला शेजार वाचणार, मग दादा मोठ्यानं सगळ्या घराला वाचून दाखवणार. माझ्या आईनं बाबांना पाठवलेली पत्रंही आजोबांच्याच नावानं आहेत.

आता मला सांग, टसरचा कोट कोण घालत होतं घरात?

आमच्याकडे सासरे धोतर-उपरण्यात आणि कोट हपिसात जाणाऱ्या मुलाचा. तुमच्याकडेही तसंच असेल तर ती ओळ दादांसाठी नव्हेच. तशा ओळी दुसऱ्या कार्डांत आहेत का बघ. शेवटी, नमस्काराच्या आधी असतील.

आबूचं म्हणशील तर आम्ही मुली असताना गेलोय. बडोद्याहून अहमदाबादपर्यंत मोठी गाडी, तिथे उतरून हमालाच्या डोक्यावर वळकट्या, आणि पुढे मीटर गेजच्या छोट्या गाडीनं आबू रोड. स्टेशनावर कुल्हडातली रबडी घ्यायचीच. तिथून वर मोटारीनं अठ्ठावीस किलोमीटर वळणं, रबडी बाहेर. देलवाड्याची कार्डं जपून ठेव. आता आत फोटो काढू देत नाहीत.

रावपुऱ्याची नात

सगळ्यांचे आभार. काल रात्री आत्याला घेऊन बसले.

काका, सहल एकच. बैलांच्या कार्डावर आजीनं लिहिलंय, "बाजारात नवी चप्पल घेतली, पावणेचार रुपये पडले, दादांनी रागावू नये." आणि चप्पल तळ्यात गेल्याचं मी वर उतरवलेलं कार्ड तेच, सोमवार २१ मेचं. म्हणजे १९५६.

हे साल मला का हवं होतं ते आधी लिहिलं नव्हतं. १९५१ असतं तर नवी नवरी माहेरच्यांबरोबर हौसेनं फिरायला गेली, एवढंच. १९५६ म्हटल्यावर आत्या जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, त्या वर्षी संक्रांतीनंतर वहिनी म्हणून कुणी तिला हाक मारली की आजी उठून आत जायची. (आत्या म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, माझ्या बाबांची आत्या, आम्ही सगळे तिला आत्याच म्हणतो. ती तेव्हा अकरा-बारा वर्षांची.) पाचव्या महिन्यात गेलं होतं. त्याआधीही एकदा. डॉक्टरांनी हवापालट सांगितला. बाबा १९५८ चे.

त्यानंतर मी कार्डं पुन्हा वाचली. प्रत्येकात "भूक लागते" आहे. प्रत्येकात. "आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या." "तळ्याला पूर्ण फेरी घातली, दम लागला नाही." मी आधी हे प्रवासवर्णन म्हणून वाचत होते.

आणि ताई, तुमचं खरं निघालं. दादा कोट घालत नसत, आत्यानं हसून सांगितलं. आजोबांच्या सायकलची किल्ली देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला आहे, हे एका कार्डात आहे. आजोबांना काय ती माहीत नव्हती? दुसऱ्यात "रात्री माळ्यावर झोपत असल्यास डासांची जाळी लावणे". तिसऱ्यात नुसतंच "चहा कमी करावा". दादा चहाला शिवतही नसत. हे मोठ्यानं वाचून दाखवताना त्यांना कळत असेलच ना? आत्या म्हणते कळत होतं, ते त्या ओळी दोनदा वाचायचे.

सुरसागरकाठची

दोनदा वाचायचे! भला माणूस गं.

तिकीटकाका

चप्पल सापडली म्हणून बरं झालं, नाहीतर मी अजून वाद घातला असता. आता दोन्ही कार्डांची मागची बाजू इथे टाक, पत्ता झाकून. ९ पैचं त्रिमूर्ती दोन छटांत बघितलंय मी, तुझं कुठलं ते पाहायचंय.

रावपुऱ्याची नात

टाकते. दोरा आणलाय, आधी कोरी तीन सोडवून हात बसवते. दोन निघाली आहेत. तिसरं बेडकाच्या खडकाचं, ते पानासकट कापावं लागेल असं दिसतंय.