क्यूबेकने बाहेरून येणारी माणसं स्वतः निवडावीत का?

शेवंती_सांगली (धागा काढणारी):
भाचा मॉन्ट्रियलला, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेक प्रांतात नोकरी करतो, आता पीआरच्या, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवानगीच्या मागे लागलाय. मला वाटायचं कॅनडा म्हणजे सगळीकडे एक्स्प्रेस एंट्री, केंद्राची पॉइंटवर चालणारी रांग, पण क्यूबेकमध्ये राहायचं असेल तर ती रांग चालतच नाही. आधी प्रांताच्या आरिमा पोर्टलवर नाव टाकायचं, बोलावणं आलं तर अर्ज करायचा, मग प्रांताचं निवडपत्र मिळणार, त्याला सीएसक्यू म्हणतात, आणि ते हातात आलं की मग ओटावाकडे, म्हणजे केंद्र सरकारकडे पीआरचा अर्ज. ओटावा मेडिकल बघतं, पोलीस रेकॉर्ड बघतं, पण कामाचा माणूस आहे का हे परत तपासत नाही, ते क्यूबेकने ठरवलं की ठरलं. मला हे बरोबर वाटतं. आजूबाजूला सगळी इंग्रजी असताना ज्यांना फ्रेंच टिकवायचीय त्यांनी नवीन माणूस घेताना भाषा बघायची नाही तर काय बघायचं?

दोन_डगरी:
ताई, अजिबात पटलं नाही. देश एक, पासपोर्ट एक आणि दारं दोन कशाला? बाकीचे प्रांतही नॉमिनेशन देतातच की, म्हणजे हा माणूस आम्हाला हवा अशी शिफारस, एक्स्प्रेस एंट्रीत त्याचे 600 पॉइंट मिळतात, त्यांचं भागतं त्यात. आणि मुख्य म्हणजे या निवडीला अर्थ काय? पीआर हातात पडला की कॅनडाच्या चार्टरच्या, म्हणजे राज्यघटनेतल्या हक्कांच्या सनदेच्या 6व्या कलमाने माणूस कुठेही जाऊन राहू शकतो. क्यूबेकची गुंतवणूकदारांची स्कीम आठवा, पैसे क्यूबेकमध्ये भरले आणि बहुतेक कुटुंबं व्हँकुव्हर-टोरंटोला जाऊन राहिली. शेवटी 2019 मध्ये ती थांबवली आणि 2024 ला परत उघडली ती फ्रेंचची अट घालून. निवडायचं यांनी आणि माणूस नांदणार दुसऱ्याच्या घरी.

जुना_वाचक:
पण तुमच्याच उदाहरणातून उलटं सिद्ध होतं ना, भाषेची अट नव्हती तेव्हाच माणसं निघून गेली! आणि हे काही कालपरवाचं लाड-कौतुक नाही. 1867 च्या राज्यघटनेत 95व्या कलमाखाली इमिग्रेशन केंद्र आणि प्रांत दोघांकडे आहे, फक्त टक्कर झाली तर केंद्राचा कायदा वरचढ. क्यूबेकने 1968 मध्येच स्वतःचं इमिग्रेशन खातं उघडलं, 1978 ला केंद्राशी कलन-कूत्यूर करार झाला आणि 1991 च्या करारात कुशल कामगारांची निवड पूर्ण त्यांच्याकडे आली, शिवाय आलेल्यांना भाषा शिकवायला, स्थिरस्थावर करायला केंद्राकडून दरवर्षी पैसे. नवरा-बायको-मुलांपैकी कोणाला बोलावता येईल याचे नियम आणि कॅनडात येऊन आश्रय मागणाऱ्यांचा निकाल हे मात्र ओटावाकडेच. म्हणजे वेगळा देश वगैरे काही नाही, वाटणी आहे, आणि लिहून घेतलेली आहे.

रात्रपाळी:
कायदा असेल हो, पण माणसांशी कसं वागले ते पण बोला. 2019 मध्ये क्यूबेकने कायदा करून सुमारे 18,000 पडून असलेले अर्ज बंद केले, फी परत दिली, पण वर्षं कोण परत देणार? मग पीईक्यू, 2010 पासूनची स्कीम, क्यूबेकमध्ये शिका किंवा काम करा, फ्रेंच शिका, अटी पूर्ण झाल्या की निवडपत्र. त्या भरवशावर लोकांनी मुलं शाळेत घातली, संध्याकाळचे फ्रेंचचे क्लास केले, आणि नोव्हेंबर 2025 ला तीच स्कीम बंद. त्यानंतर उरली ती पीएसटीक्यू, कुशल कामगार निवडायची स्कीम, म्हणजे पॉइंट आणि बोलावण्याची वाट. हक्काचा जो रस्ता होता तो गेला आणि तिथे लॉटरीसारखी वाट बघणं आलं, राग याचा आहे.

शेवंती_सांगली:
रात्रपाळी, यावर मी तुमच्याच बाजूने. निवडायचा हक्क मान्य, पण ज्याने तुमच्या अटीप्रमाणे दोन-तीन वर्षं घातली त्याला जुन्या अटीवरच न्याय द्यायला हवा, नवीन नियम नवीन येणाऱ्याला लावा. दोन_डगरी, तुमचा मुद्दा मात्र अजून पटत नाही, कारण भाषा शिकलेला माणूस सहसा तिथेच रमतो असं मला वाटतं, निदान भाच्याकडे बघून तरी.

दोन_डगरी:
मग तोच न्याय आपल्याकडे लावाल का, महाराष्ट्रात यायचं तर आधी मराठीची परीक्षा?

जुना_वाचक:
ही तुलना चुकीची आहे. आपल्याकडे 19वं कलम देशात कुठेही जाऊन राहायची मुभा देतं, आणि क्यूबेकसुद्धा ओंटारियोहून येणाऱ्या कॅनेडियन माणसाला अडवू शकत नाही. प्रश्न परदेशातून पहिल्यांदा येणाऱ्याचा आहे. मराठीबद्दल मला तुमच्याइतकीच कळकळ आहे, पण तो धागा वेगळा काढा.

रात्रपाळी:
ताई, भाच्याचं फ्रेंच कुठवर आलंय? उच्च कौशल्याच्या गटात बोलण्या-ऐकण्यात सातवी पातळी लागते, सोपी नाही ती. बायकोला चौथी चालते.

शेवंती_सांगली:
दोघंही करतायत. परवा व्हिडिओ कॉलवर बघितलं, फ्रिजच्या दारावर क्रियापदांच्या चिठ्ठ्या आणि सूनबाई भाजी परतताना मोठ्याने वाचतेय. आकड्यांना अडत होती, सत्त्याण्णवला फ्रेंचमध्ये 'चार वीस सतरा' म्हणतात म्हणे. मी म्हटलं अगं, आपली आजी बाजारात अंडी अशीच मोजायची, चार विसा आणि वर सतरा. त्यानंतर एकदाही चुकली नाही ती.